ऑनलाइन निवडणूक घेताय? आधी किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवा

संघटनेची निवडणूक ऑनलाइन घ्यायची ठरली की बरेच जण एक फॉर्म बनवतात, पासवर्ड लावतात आणि झालं म्हणतात. पण फॉर्म ज्याच्या अकाउंटवर आहे त्याला कोणी कोणाला मत दिलं ते दिसू शकतं, आणि त्याने आकडे फिरवले तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. त्यापेक्षा बेलेनिओस किंवा हेलिओस ही ऑनलाइन मतदानाची सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही ओपन सोर्स आहेत.

सगळ्यात जास्त डोकं किल्ल्यांवर लावा. मत लॉक करणारी किल्ली सगळ्यांसाठी खुली असते, उघडणारी मात्र ट्रस्टींमध्ये, म्हणजे किल्ली सांभाळायला नेमलेल्या माणसांमध्ये, वाटलेली. ट्रस्टी शक्यतो विरोधी गटांतले घ्या, म्हणजे आपापसात साटंलोटं होणार नाही. आणि तिघांपैकी कुठलेही दोघे आले तरी निकाल उघडेल असं सेट करा, बेलेनिओसमध्ये ही सोय आहे. का सांगतोय, तर २०२५ मध्ये आयएसीआर या क्रिप्टोग्राफी (माहिती अशी लॉक करण्याचं शास्त्र) संशोधकांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेची निवडणूक हेलिओसवर झाली, तिन्ही किल्ल्या लागणार होत्या, एका ट्रस्टीची किल्ली कायमची हरवली आणि निकालच काढता येईना, सगळं मतदान परत घ्यावं लागलं! म्हणून आधी एक खोटी निवडणूक पार निकालापर्यंत चालवून बघा.

मतदारांना मत टाकायला लागणारे कोड सर्व्हर सांभाळणाऱ्याने बनवायचे नाहीत, ते काम दुसऱ्याला द्या. नाहीतर जे आलेच नाहीत त्यांच्या नावाने मतं पडायची.

मत ब्राउझरमध्येच लॉक होऊन सर्व्हरवर जातं. खरी मजा पुढे आहे, एलगमाल या लॉक करायच्या पद्धतीत आकडा घातांकात ठेवून लॉक केलेली मतं न उघडताच एकमेकांशी गुणली की आतल्या आकड्यांची बेरीज होते, मग फक्त ती बेरीज उघडायची, एकेक मत उघडायची वेळच येत नाही. पण कोणी १ ऐवजी १०० लॉक करून पाठवलं तर? त्यासाठी मतासोबत झिरो नॉलेज प्रूफ जातो, आत ० किंवा १ च आहे एवढं तो सिद्ध करतो, त्यातलं कुठलं ते सांगत नाही. हे सगळं सॉफ्टवेअर आपोआप करतं.

मतदारांना मात्र तपासायला शिकवा. मत टाकल्यावर ट्रॅकर, म्हणजे लॉक केलेल्या मताची खूण, मिळतो, तो जाहीर यादीत दिसायला हवा. आता ब्राउझरनेच भलत्याला मत लॉक केलं असेल तर? हेलिओसमध्ये मत टाकण्याआधी ऑडिट करता येतं, आत काय आहे ते उघडून तपासायचं, ते मत बाद होतं, मग नवीन लॉक करून टाकायचं. तुम्ही तपासणार की टाकणार हे कॉम्प्युटरला आधी कळत नाही, त्यामुळे गडबड केली तर पकडलं जायची भीती राहतेच. थोड्या लोकांनी केलं तरी फरक पडतो.

शेजारी उभं राहून कोणी दमदाटी करून मत टाकायला लावलं तर वरचं काहीच कामाचं नाही. त्यावर थोडा उपाय म्हणजे नंतर मत बदलणं. २००५ पासून ऑनलाइन मतदान घेणाऱ्या एस्टोनियात मुदतीत पुन्हा मत टाकता येतं आणि शेवटचं धरलं जातं, तसं बेलेनिओस आणि हेलिओसमध्येही होतं. पण दबाव शेवटच्या मिनिटापर्यंत राहणार असेल तर सरळ मतपेटी ठेवा.