इंधनाची टाकी किती मोठी घ्यावी आणि कुठे बसवावी?

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाला ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगने इंधन पेटवणारे) असेल, तर त्याच्यासाठी टाकी घेताना ‘मोठी असली म्हणजे जास्त वेळ उडेल’ एवढाच विचार बहुधा केला जातो. माझे मत वेगळे आहे. आपले इंजिन मिनिटाला किती इंधन पिते हे आधी मोजावे आणि मगच टाकी निवडावी, कारण गरजेपेक्षा मोठी टाकी म्हणजे नाकाकडे वाहून न्यायचे फुकटचे वजन. ३०० मिली इंधनाचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते. ते संपत जाते तसा विमानाचा गुरुत्वमध्य मागे सरकतो. म्हणूनच तोल नेहमी रिकाम्या टाकीने तपासावा.

ग्लो इंधनात मुख्यतः मेथॅनॉल, वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि थोडे नायट्रोमिथेन असते. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर मेथॅनॉलला केवळ ६.४. त्यामुळे तेवढ्याच हवेत मेथॅनॉल दुपटीहून जास्त खर्च होते आणि ६.५ सीसीचे लहानसे इंजिनही पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला २५ ते ३० मिली सहज संपवते.

मोजणी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या गाळ्याबाहेर, मोकळ्या हवेत करतो. सोसायटीच्या गच्चीवर ती करू नये, कारण आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतोच, शिवाय मेथॅनॉल विषारी असून उन्हात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. इंजिन चौकटीवर घट्ट आवळावे, उडवताना लावतो तोच पंखा लावावा आणि ते तापू द्यावे. मग टाकी पूर्ण रिकामी करून औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने मोजून १०० मिली इंधन भरावे आणि पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंतचा वेळ घ्यावा. तळाशी उरलेले इंधन पुन्हा सिरिंजने ओढून वजा करायला विसरू नये. माझ्या इंजिनाने ६ मिली शिल्लक ठेवून साडेतीन मिनिटे काढली, म्हणजे खर्च मिनिटाला जवळपास २७ मिली.

१० मिनिटांचे उड्डाण आणि उतरण्यासाठी २ मिनिटांची राखीव वेळ धरली, तर या हिशेबाने ३२४ मिली लागतील. प्रत्यक्षात थ्रॉटल सतत पूर्ण उघडा नसतो, म्हणून मी त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे २४० ते २५० मिलीची टाकी घेतो. पहिली काही उड्डाणे मात्र सातव्या मिनिटाला उतरवावीत, उरलेले इंधन मोजावे आणि त्यानंतरच रिमोटवरचा टायमर वाढवावा.

टाकीच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची आहे, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या (इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत किंवा तिच्यापेक्षा ६ ते १० मिलिमीटर खाली असावी. टाकी वर बसली, तर भरलेली असताना मिश्रण इंधनाने दाट होते. फार खाली बसली, तर इंधन संपत येताना मिश्रण पातळ पडून इंजिन तापते. सायलेन्सरमधून टाकीला दाब देणारी नळी जोडल्यास हा फरक बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्यामुळे सुई सर्वोच्च वेगाच्या जागेवरून किंचित जास्त उघडी ठेवावी आणि विमानाचे नाक आभाळाकडे धरून इंजिन दम तोडत नाही ना, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी पाहावे.

टाकीभोवती मऊ फोम हवाच. तो नसेल तर थरथरीने इंधनाचा फेस होतो आणि इंजिनाकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसू लागते.

एकदा माझे इंजिन सातव्याच मिनिटाला बंद पडले. टाकी उघडली, तेव्हा निम्मे इंधन तसेच होते. आदल्या उतरणीत विमान जोरात आपटले होते आणि इंधन ओढणाऱ्या आतल्या लवचिक नळीच्या टोकाचे वजन, ज्याला क्लंक म्हणतात, उलटून पुढे येऊन अडकले होते. तेव्हापासून क्लंक आणि टाकीची मागची भिंत यांत ५-६ मिलिमीटर अंतर ठेवून मी नळी कापतो आणि टाकी कानाजवळ हलवून त्याचा खडखडाट ऐकतो. आवाज आला नाही, तर विमान उडवत नाही.

ग्लो इंधनासाठी सिलिकॉनची नळी चालते; पेट्रोलमध्ये ती फुगते. ठाण्याच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य पाळावे. मेथॅनॉल हवेतले पाणी शोषते, म्हणून डबा अर्धवट भरलेला ठेवू नये, झाकण घट्ट लावावे आणि उड्डाण संपल्यावर टाकीतले उरलेले इंधन काढून घ्यावे. जून ते सप्टेंबर या काळात मी एका लिटरपेक्षा जास्त इंधन घरात आणतच नाही.