आधी भिंत सरळ, मग मेगापिक्सेल

इमारतींची फोटोग्राफी करायची म्हणून विचारायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, चोवीस मेगापिक्सेलवाला कॅमेरा घेऊ का पंचेचाळीसवाला?" विचारणारा आर्किटेक्चर करून बाहेर पडलेला असो, नाहीतर लग्नाच्या ऑर्डरींना कंटाळलेला. मी उलट विचारतो: फोटो शेवटी जाणार कुठे?

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबानं ए४ पानाला ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलसुद्धा पूर्ण नाहीत (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल). मासिकाच्या दोन पानांवर पसरलेला फोटो साधारण ए३ एवढा, त्याला साडेसतरा. ४के टीव्हीला सव्वाआठ पुरतात. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या बिल्डरच्या होर्डिंगचं नाव काढून लोक घाबरवतात, पण ते लांबून बघायचं असतं. इंचाला तीस पिक्सेल धरले, तर २० बाय १० फुटांना ७२०० बाय ३६०० लागतील, म्हणजे २६ मेगापिक्सेल. २४ चा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो. नागपुरातल्या आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांचं बहुतेक काम वेबसाइट, इन्स्टाग्राम आणि स्पर्धेच्या पॅनेलपुरतं असतं. तेवढ्याला हा भरपूर झाला. २४ वरून ६१ वर उडी मारली तरी रुंदी ६००० वरून ९५०४ वर जाते. आकडा अडीचपट, रुंदी मात्र दीडपटीच्या जरा वर.

मग जास्त मेगापिक्सेल कामाला येतात कुठे? उभ्या रेषा सरळ करताना. महाल किंवा इतवारीच्या गल्लीत इमारत पूर्ण मावत नाही म्हणून कॅमेरा वर तिरपा केला की भिंती आत झुकतात, आणि आर्किटेक्ट विचारतो, "भाऊ, बिल्डिंग मागे पडून राह्यली काहून?" सॉफ्टवेअरमध्ये त्या सरळ होतात, पण वरचे मजले ताणले जातात आणि खालचे दोन्ही कोपरे रिकामे पडून कडा कापाव्या लागतात. ताणलेल्या भागात नवा तपशील येत नाही, तिथलं जाळीकाम मऊ दिसतं. वर त्याच फोटोचा उभा तुकडा इन्स्टाग्रामसाठी मागतात. या कापाकापीला ४५ मध्ये जागा उरते, २४ मध्ये हात आखडतो.

खरा उपाय शिफ्ट लेन्स. कॅमेरा पूर्ण समतल ठेवायचा आणि लेन्स वर सरकवायची, की उभ्या रेषा जागच्या हलत नाहीत. कॅननची टीएस-ई २४ मिमी दोन्ही बाजूंना १२ मिमी सरकते. आडव्या फ्रेममध्ये वर, मध्ये आणि खाली असे तीन फोटो घेऊन जोडले, तर २४ च्या कॅमेऱ्यातून सुमारे ६००० बाय ८००० चा, म्हणजे ४८ मेगापिक्सेलचा फोटो निघतो. म्हणून जुना २४ चा बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) अधिक शिफ्ट लेन्स ही जोडी मला ६१ चा बॉडी अधिक सोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सपेक्षा केव्हाही पसंत. कॅनन-निकॉनच्या नव्या शिफ्ट लेन्स लाखाच्या पुढे जातात. लाओवाची १५ मिमी शिफ्टही बघा. ११ मिमी सरकते, आणि आतल्या खोल्यांना ती रुंदी लागते. या लेन्सना ऑटोफोकस नसतो, पण इमारत कुठे पळून जात नाही. जुनी घेताना विटांच्या भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून बघा, आणि लेन्स सरकवून वर धरल्यावर लॉक घसरत नाही ना, तेही.

बजेट नसेल तर कॅमेरा समतल आणि उभा धरा, रुंद लेन्स लावा आणि खालचा रस्ता नंतर कापून टाका. नाहीतर समोरच्या घराची बेल वाजवा. "काकू, पाच मिनिटं गच्ची मिळेल का?" नागपुरात याला नकार क्वचित मिळतो, वर पाणीही मिळतं. इमारतीच्या निम्म्या उंचीवरून घेतलेला फोटो दुरुस्तीशिवाय सरळ येतो.

बॉडीच्या आधी गिअर हेडचा ट्रायपॉड घ्या, हे मात्र हट्टानं सांगतो. हेड म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा बसतो तो भाग. बॉल हेड सैल केलं की तिन्ही दिशा एकदम हलतात. गिअर हेडला प्रत्येक दिशेची चावी वेगळी, अर्धा अंशही नेमका साधतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ ते एफ/११. ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एफ/१६ ला गेलात, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, विकत घेतलेला तपशील स्वतःच पुसून टाकाल.

आत शूट करताना दोन गोष्टी. दुपारच्या उन्हानं पेटलेली खिडकी आणि अंधारा कोपरा एका फोटोत मावत नाहीत, तेव्हा दोन-दोन स्टॉपच्या फरकानं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तीन ते पाच फोटो घ्या आणि नंतर एकत्र करा. दुसरी, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कितीतरी एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर वेग जास्त ठेवला की छतावर पट्टे येतात. मेकॅनिकल शटर वापरा, वेग १/५० किंवा त्याहून कमी ठेवा.

आता ऊन. कामाची तारीख ठरवताना इमारतीचं तोंड विचारा. सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर उत्तरेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारीही सूर्य किंचित उत्तरेला असतो. पण मे महिन्यात आभाळ पांढरंफटक, आणि जुलैत ढग. म्हणून उत्तरमुखी बंगला मी संध्याकाळी घेतो, दिवे लागल्यावर आभाळ निळं असतं त्या वीसेक मिनिटांत. बाकी कामांना ऑक्टोबर उत्तम. पावसानं आभाळ धुतलेलं असतं.

सरावाला कस्तुरचंद पार्कातली छत्री चांगली, भोवती चारही बाजूंनी फिरता येतं. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, शिकवतो. घुमट पांढराफटक होण्यापासून वाचवायचा आणि झाडं काळी पडू द्यायची नाहीत. आत ट्रायपॉड लावण्याआधी परवानगी घ्या. हायकोर्टाची १९४० ची इमारत आणि विधानभवन यांच्यासमोर ट्रायपॉड उघडला की पोलीस विचारतातच, डिसेंबरच्या अधिवेशनात तर नादच सोडा. ड्रोनचं काम घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा उघडा. विमानतळ शहराला लागूनच आहे.

कोटेशनमध्ये "हाय रेझोल्यूशन" असं मोघम लिहू नका. लांब बाजू किती पिक्सेल, जेपेग की टिफ, वापर कशासाठी आणि किती काळ, हे लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. आर्किटेक्टला दिलेला फोटो उद्या बिल्डरच्या ब्रोशरमध्ये आणि टाइल्सवाल्याच्या कॅटलॉगमध्ये दिसला, तर त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे शूटच्या आधीच सहीनिशी ठरवून घ्या.