जुनी टामिया हॉर्नेट पुन्हा पळवताना

1984 ची हॉर्नेट, म्हणजे टामिया कंपनीची रिमोटवर पळणारी छोटी बॅटरी-गाडी, माळ्यावरून काढली की लगेच बॅटरी जोडू नका. आधी गिअरबॉक्स उघडा. जुनं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं, ते पुसून दातांवर प्लास्टिकला चालणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्या. जास्त ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण, आणि सड्यावरची (कातळ पठारावरची) जांभ्याची लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की दात घासून काढते. आस फिरतो त्या प्लास्टिकच्या बुशांऐवजी (कड्यांऐवजी) रबर सील असलेले 1150 बेअरिंग (11 बाय 5 बाय 4 मिमी) घाला. आपल्या गाडीतलं माप आधी तपासा.

स्क्रू परत लावताना तो प्रथम उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यात बसला की मगच आवळा, नाहीतर चाळीस वर्षांचं प्लास्टिक आटे सोडतं.

तापणारा यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढून ब्रश मोटरचा इलेक्ट्रॉनिक बसवा. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी वापरायची तर या कंट्रोलरमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरलं की वीज तोडणारी सोय, हवीच.

गोव्यातल्या मिरामार किनाऱ्याच्या वाळूत फोटोपुरतीच न्या. खारं पाणी लागलंच, तर बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्स काढून गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, बेअरिंगना तेल द्या. पावसाळ्यात गाडी बंद डब्यात ठेवून आत सिलिका जेल टाका.