रग्बी नव्याने शिकताय? मग या चुका टाळा

रग्बीच्या सरावाला पहिल्यांदा येणारी मुलं-मुली साधारण दोन प्रकारची असतात. काहींना कधी एकदा कुणाला आडवं पाडतोय असं झालेलं असतं. बाकीची, चेंडू आपल्याकडे येऊ नये म्हणून देवाचा धावा करत कडेला उभी असतात. गंमत म्हणजे दोघांच्याही चुका बहुतेक सारख्याच निघतात, आणि त्यांचं मूळ ताकदीत नसतं, गुडघ्यात असतं. खाली जायचं म्हटलं की नवा खेळाडू गुडघे न मोडता कंबरेतून वाकतो. पाठ गोल होते, मान खाली जाते आणि नजर स्वतःच्या बुटांवर. टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) असो, रक (जमिनीवरच्या चेंडूवर दोन्ही संघांची उभ्याने होणारी रेटारेटी) असो, नाहीतर जमिनीवरचा चेंडू उचलणं असो, पुढचं सगळं तिथूनच बिघडतं.

टॅकल करताना डोकं चुकीच्या बाजूला

टॅकलनंतर मान आखडते, खांदा दुखतो, समोरचा हातातून निसटतो किंवा त्याचा गुडघा तोंडावर बसतो, अशी तक्रार असेल तर आधी डोकं कुठे जातंय ते बघा. समजा चेंडू घेतलेला खेळाडू तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे पळतोय. त्याला उजवा खांदा लावायचा, म्हणजे तुमचं डोकं आपोआप त्याच्या पाठीमागे राहतं. डावा खांदा लावलात तर डोकं थेट त्याच्या वाटेत येतं आणि पूर्ण वेगातली मांडी कानशिलावर बसते.

हे कळूनही चूक होते, कारण प्रत्येकाचा एक आवडता खांदा असतो. उजवा खांदा पक्का झाला की डावीकडे पळणाऱ्यालाही उजवाच लावायचा मोह होतो. म्हणून सरावात कच्च्या खांद्याला जास्त वेळ द्या. आधी दोघांनी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग हळू धावत. गुडघ्यावर बसून टॅकल करायची अनेकांना लाज वाटते. वाटू द्या. तंत्र बसतं ते तिथेच, कारण तिथे कंबरेतून वाकायला जागाच नसते.

दुसरी गडबड पायांची. घाबरलेला माणूस लांबूनच झेप घेतो. हात पुढे, पाय मागे, आणि सगळा भार एकट्या खांद्याच्या सांध्यावर. शेवटचं पाऊल समोरच्याच्या पावलाजवळ पडलं पाहिजे. मग खांदा लागतो, मग दोन्ही हातांची मिठी, आणि पाय चालूच. नुसता खांदा मारून हात न वापरणं हा फाउल आहे. हनुवटी वर आणि नजर त्याच्या चड्डीच्या नाडीवर. माणूस खांद्याने, डोळ्याने, हाताने हूल देतो, पण त्याची कंबर जिकडे जाते तिकडेच तो जातो.

उंचीचा नियमही माहीत हवा. खांद्याच्या रेषेच्या वर टॅकल करणं बेकायदा आहेच, पण अनेक देशांत शाळा-क्लब पातळीवर ही मर्यादा आणखी खाली, छातीच्या हाडापर्यंत आणली आहे. तुमच्या स्पर्धेत काय लागू आहे ते कोचला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

पडायला कुणी शिकतच नाही

टॅकल करणं सगळ्यांना शिकायचं असतं, पडणं कुणालाच नाही. मग पहिल्या खऱ्या धडकेत हात टेकला जातो, आणि मनगट किंवा गळ्याजवळचं हाड दुखावतं. चेंडू दोन्ही हातांत छातीशी घट्ट धरा. जमिनीला आधी गुडघा, मग नितंब, मग खांदा लागू द्या. पडता पडता शरीर आपल्या संघाकडे वळवा आणि हात लांब करून चेंडू त्यांच्या बाजूला ठेवा.

ठेवा म्हणजे सोडा. टॅकल होऊन खाली पडल्यावर चेंडू लगेच मोकळा करावा लागतो. नवे खेळाडू तो पोटाशी धरून पडून राहतात आणि प्रत्येक वेळी शिट्टी वाजते. टॅकल करणाऱ्यालाही तोच न्याय: आधी समोरच्याला सोडा, उभे राहा, मगच चेंडूला हात लावा.

पास सुटतो तेव्हा दोष कुणाचा?

ओरडा खातो तो पास देणारा, पण दोष बहुतेकदा घेणाऱ्याचा असतो. तो पास देणाऱ्याच्या अगदी रेषेत येऊन उभा राहतो. रग्बीत हाताने चेंडू पुढे टाकता येत नाही, त्यामुळे रेषेतल्या माणसाला दिलेला पास एकतर पुढे जातो किंवा त्याच्या पाठीमागे पडतो. काही पावलं मागे राहा आणि चेंडू निघताना वेगात त्याच्यावर या. हात आधीच पुढे, बोटं वर, पंजे पास देणाऱ्याकडे. आणि चेंडू हातात येईपर्यंत नजर चेंडूवरच हवी. अंगावर येणाऱ्या टॅकलरकडे डोळे गेले की चेंडू सुटलाच म्हणून समजा.

पास देणाऱ्यांचा हट्ट असतो तो चेंडू गरगर फिरवण्याचा. टीव्हीवर ते छान दिसतं आणि लांबच्या पासला उपयोगीही आहे. पण चार-पाच पावलांवरच्या माणसाला साधा, मऊ पास द्या. त्याला तो झेलायचा आहे.

एक बारकावा पुष्कळांना महिनोन्महिने कळत नाही. हातातून सुटलेला चेंडू पुढे गेला तर नॉक-ऑन, म्हणजे नियमभंग. मागे पडला तर खेळ चालूच असतो. चेंडू पडला की डोक्याला हात लावून उभं राहू नका, उचला आणि पळा.

प्रत्येक रकमध्ये उडी

उत्साही खेळाडू दिसेल त्या ढिगाऱ्यात घुसतो, बहुतेकदा बाजूने, आणि पेनल्टी देऊन येतो. रकमध्ये आपल्या शेवटच्या खेळाडूच्या पायामागूनच शिरायचं, उभं राहून, कुणाच्या अंगावर न झोपता. इथेही पुन्हा गुडघेच: डोकं आणि खांदे नितंबांपेक्षा खाली जाता कामा नयेत. शिरण्याआधी एकदा बघा, चेंडू आपल्याकडे सुरक्षित आहे का? असेल तर तुमची गरज बाहेर, पुढच्या हल्ल्याच्या रांगेत आहे.

सामान आणि जागा

फुटबॉलचे स्टडवाले बूट सुरुवातीला चालतात. स्टड 21 मिलिमीटरपेक्षा लांब नको आणि त्याला धारदार कड नको. पैसे खर्च करायचेच तर नीट बसणाऱ्या माउथगार्डवर करा. दातांना तार असेल तर तो दंतवैद्याकडूनच करून घ्या. मऊ टोपी, म्हणजे स्क्रम कॅप, कान आणि डोक्याची कातडी खरचटण्यापासून वाचवते, मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून नाही. ती घालून जास्त बेधडक होणारे खेळाडू बघितले की वाटतं, नसती तर बरं.

संघातल्या जागेचा हट्टही एवढ्यात नको. या वयात वर्षभरात उंची-वजन इतकं बदलतं की आजचा विंगर (कडेने पळणारा) उद्या फॉरवर्ड (पुढच्या फळीतला) होऊ शकतो. मात्र "तू दणकट आहेस, जा पहिल्या रांगेत" असं कुणी म्हणालं आणि तुम्हाला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड खांदे भिडवून एकमेकांना ढकलतात तो प्रकार, शिकवलेलाच नसेल, तर स्पष्ट नाही म्हणा. तयार खेळाडू नसतील तर न ढकलता स्क्रम खेळण्याची सोय नियमांतच आहे. तयार खेळाडूंनाही 19 वर्षांखालच्या सामन्यात दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही.

जिमच्या नादात वॉर्म-अप टाळणं ही आणखी एक नेहमीची चूक. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या 'अ‍ॅक्टिव्हेट' व्यायामक्रमात तोल, उडी मारून नीट उतरणं आणि मानेची ताकद यांवर भर आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात, आठवड्यातून तीनदा तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती 72 टक्क्यांनी आणि कन्कशन (मेंदूला बसणारा हादरा) 59 टक्क्यांनी कमी आढळलं.

"काही नाही, थोडं गरगरलं"

हे वाक्य मैदानावर ऐकू आलं की खेळ तिथेच थांबवा. डोकं दुखणं, मळमळ, धूसर दिसणं, स्कोअर न आठवणं, विनाकारण रडू येणं, ही सगळी कन्कशनची लक्षणं असू शकतात. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागतं असं नाही. त्या दिवशी परत मैदानात जायचं नाही, एकट्याने घरी जायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. क्लब-शाळा पातळीसाठी वर्ल्ड रग्बीच्या मार्गदर्शनानुसार किमान 21 दिवस सामना खेळता येत नाही, आणि लक्षणं तोवर गेली नसतील तर त्यापुढेही नाही. मित्र लपवत असेल तर कोचला तुम्ही सांगा. चहाडी केली असं तो म्हणेल, म्हणू द्या.

शिट्टी का वाजली हे सुरुवातीला निम्म्या वेळा कळणार नाही. रेफ्रीशी बोलायचा अधिकार कर्णधाराचा, बाकीच्यांनी हुज्जत घातली तर पेनल्टीची जागा 10 मीटर पुढे सरकते. प्रश्न कर्णधाराकडे द्या, किंवा सामना संपल्यावर रेफ्रीला शांतपणे विचारा. बहुतेक जण हाताने खुणा करून, नीट समजावून सांगतात.