कशाच्या मानानं जास्त?

माझ्या पहिल्या निकालाचा तक्ता मी चोडण-रायबंदर फेरीबोटीत तीनदा वाचून काढला होता. मिठाचा ताण दिलेल्या भातरोपांच्या पानांची माहिती सार्वजनिक संग्रहातून घेतली होती, तिच्यातून ज्या जनुकांचं काम बदललं त्यांची यादी काढली होती. यादीत कुठल्या कामाची जनुकं जास्त आहेत ते सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर ती टाकली आणि सगळ्यात वर उत्तर आलं, प्रकाशसंश्लेषण. त्याखाली हरितलवक. आकडे इतके देखणे होते की प्रबंधाचा गाभा सापडला असंच मला वाटलं.

गोव्यातल्या चोडणला आमची खाजन शेती आहे. बांधापलीकडे मांडवीचं खारं पाणी असतं, भरतीला मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं आपोआप मिटतात आणि पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की कोरगुट पेरतात. इतर भात जिथं करपून जातं तिथं कोरगुट कसा तगतो, हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. जीवतंत्रज्ञानात एमएस्सी करताना तोच प्रश्न जनुकांच्या भाषेत विचारायचा होता.

विभागातल्या चर्चासत्रात मी तो तक्ता पडद्यावर लावला. मॅडमनी एकच विचारलं, "जास्त म्हणजे कशाच्या मानानं गं?" मला उत्तर देता आलं नाही. या विषयात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी कामाचं स्वरूप सांगते. प्रयोगातून शेकडो जनुकांची यादी हाती येते. एकेक नाव वाचून काही उलगडत नाही. म्हणून प्रत्येक जनुकावर आधीच केलेल्या नोंदी बघायच्या. १९९८ साली फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांवर काम करणाऱ्या तीन गटांनी एकत्र येऊन या नोंदींसाठी एक सामाईक शब्दसंग्रह सुरू केला, त्याचं नाव जीन ऑन्टॉलॉजी. जनुकापासून बनणारं प्रथिन रेणूच्या पातळीवर काय करतं, कुठल्या जैविक प्रक्रियेत भाग घेतं आणि पेशीत कुठं असतं, अशा तीन बाजूंनी ही नोंद होते. जपानमधला केग हा संग्रह १९९५ पासूनचा, त्यात चयापचयाचे मार्ग नकाशांसारखे मांडलेले आहेत. मग मोजायचं एवढंच, की एखादी नोंद आपल्या यादीत योगायोगानं यावी त्याहून जास्त वेळा आली आहे का. त्यासाठी संख्याशास्त्रातली फिशरची अचूक चाचणी वापरतात.

इथंच मॅडमचा प्रश्न येतो. आपल्याकडं चवथीच्या आदल्या दिवशीचा, गणपतीवर टांगायच्या माटोळीचा बाजार आठवा. माट्टुळी, कांगलां, सुपाऱ्यांचे शिंपुटे, जिकडंतिकडं रानातलाच माल. त्या दिवशी कुणाची पिशवी उघडून 'यात रानफळं फारच आहेत' असं म्हटलं, तर ते वर्षभराच्या बाजाराच्या मानानं खरं आहे. पण त्या दिवशीच्या बाजारात सगळ्यांच्याच पिशव्या तशा असतात. त्या माणसाबद्दल काहीच कळलं नाही, कळला तो बाजार. माझा नमुना पानाचा होता. पानात प्रकाशसंश्लेषणाची जनुकं चालू असणारच. मी तुलना केली होती भाताच्या झाडून सगळ्या जनुकांशी, त्यात फक्त मुळात किंवा फक्त परागकणांत चालणारीही आली.

आकड्यांत बघू. समजा, एकूण ३६,००० जनुकं आहेत आणि त्यांतली ३६० प्रकाशसंश्लेषणाची, म्हणजे शंभरात १. तुमच्या यादीत ९०० जनुकं आहेत, तर ९ सापडायला हवीत. सापडली २०. निव्वळ योगायोगानं असं हजारात जेमतेम एकदा होईल, म्हणून आपण खूश. आता समजा, त्या पानात प्रत्यक्षात १८,००० जनुकंच चालू होती आणि ती ३६० सगळीच त्यांत होती. मग प्रमाण झालं शंभरात २, अपेक्षा झाली १८. सापडलेली २० तीच, पण आता दर तीन वेळांत एकदा असं सहज घडू शकतं. यादीतलं एकही नाव बदललं नाही, तरी निष्कर्ष गेला.

तेव्हा पार्श्वभूमी, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो संच, म्हणून फक्त ती जनुकं द्या, जी तुमच्या प्रयोगात मोजली गेली आणि यादीत येण्याची ज्यांना खरोखर संधी होती. जी-प्रोफायलर या संकेतस्थळावर स्वतःची पार्श्वभूमी देण्याची सोय आहे, आर या संगणकीय भाषेतल्या क्लस्टरप्रोफायलरमध्येही आहे. ती जागा रिकामी ठेवली तरी साधन तक्रार करत नाही, उत्तर देतं. म्हणून ती आपणच भरायची.

माझा दुसरा महिना गेला तो ओळख-क्रमांकांत. भाताच्या जनुकांना दोन पद्धतींचे क्रमांक आहेत. एकाची सुरुवात 'ओएस'नं होते, दुसऱ्याची 'एलओसी'नं. आपल्याकडं जमिनीचा पोर्तुगीज काळातला मात्रीज क्रमांक वेगळा आणि आजचा सर्व्हे नंबर वेगळा, तसंच हे. काही ठिकाणी एकाची दोन होतात, काही ठिकाणी जुळणीच सापडत नाही. किती जनुकं जुळली आणि किती गळली हा आकडा दर वेळी लिहून ठेवा. यादी आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच पद्धतीच्या क्रमांकांत असू देत. मानवी जनुकांवर काम करणाऱ्यांनी यादी एक्सेलमध्ये उघडताना जपावं. 'सेप्ट' आणि 'मार्च' या नावांची जनुकं तिथं तारखा होऊन बसत, इतकी की २०२० च्या सुमारास त्यांची अधिकृत नावंच बदलली गेली.

योगायोगाचा आणखी एक सापळा आहे. हजार नोंदी तपासल्या आणि प्रत्येकीला ५ टक्क्यांची कसोटी लावली, तर काही नसतानाही सुमारे ५० नोंदी उत्तीर्ण होतात. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये दिलेली दुरुस्ती त्यासाठीच असते. तक्त्यात दुरुस्त केलेला स्तंभ वाचा, शेजारचा कच्चा नाही.

वाढलेली आणि घटलेली जनुकं मी आता वेगवेगळी तपासते. एकत्र टाकली की वाढलेल्यांतला ठळक इशारा घटलेल्यांच्या गर्दीत बुजतो. शिवाय जीन ऑन्टॉलॉजीत नोंदींची नाती आई-मुलीसारखी असतात. 'आयनांचं वहन' वर आलं की 'धन आयनांचं वहन', 'सोडियम आयनांचं वहन' अशा लेकीही मागोमाग येतात. ते दहा शोध नसतात, एकच असतो. 'चयापचय' यासारखी अवाढव्य नोंद काहीच सांगत नाही. मी १० ते ५०० जनुकं असलेल्या नोंदीच ठेवते.

आणि ठरावीक मर्यादेवर यादी कापायचीच नसेल तर २००५ मध्ये मांडली गेलेली जनुकसंच समृद्धीची पद्धत शिका, तिला सगळे जीएसईए म्हणतात. त्यात सगळी जनुकं बदलाच्या क्रमानं लावतात आणि एखाद्या नोंदीची जनुकं रांगेच्या एका टोकाला गोळा होतात का ते बघतात. सगळी थोडीथोडीच बदलली असतील तर ती तिथं दिसतात, कापलेल्या यादीत नाही.

समुद्री जिवाणूंवर काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा प्रश्न याहून कठीण होता. तिच्या जिवाणूच्या जनुकांवर तयार नोंदीच नव्हत्या. इतर जीवांतल्या साम्यावरून त्या आधी बनवाव्या लागल्या. अशा वेळी नोंद नसलेली जनुकं किती, हे निकालाइतकंच ठळक लिहायला हवं. गोव्यात बसून खाजनातल्या, खारफुटीतल्या, समुद्रातल्या जीवांवर काम करायचं असेल, तर ही वेळ तुमच्यावर येणारच.

माझ्या कामाचं पुढं काय झालं ते सांगते. पार्श्वभूमी बदलून सगळं पुन्हा चालवलं. प्रकाशसंश्लेषण घसरलं, आयनांचं वहन वर आलं. मी लगेच त्यात एचकेटी १;५ शोधायला गेले. नोना बोक्रा या खारं सोसणाऱ्या भाताच्या अभ्यासातून २००५ साली सापडलेलं हे जनुक. त्याचं प्रथिन जलवाहिन्यांतलं सोडियम परत खेचून घेतं, म्हणून ते पानांपर्यंत कमी पोचतं. माझ्या यादीत ते नव्हतं. दोन दिवस मला वाटत राहिलं की पुन्हा कुठंतरी चुकलं.

मॅडमनी मूळ शोधनिबंध वाचायला लावला. नोना बोक्रात फरक आहे तो त्या प्रथिनाच्या घडणीत, काही अमिनो आम्लं वेगळी असल्यानं ते सोडियम जास्त चांगलं वाहतं. जनुक किती जोरात चालतं याची यादी करणाऱ्या माझ्या पद्धतीला तो फरक दिसायचा कसा? मग आम्ही आमच्या शेतातल्या कोरगुटाची पानं घेऊन त्या एका जनुकाचा डीएनए-क्रम वाचायचं ठरवलं. जुलैत लावणी झाली होती. आईनं बांधावरच्या कुणग्यातली बारा रोपं दाखवली, मी त्यांना सुतळी बांधून क्रमांक दिले.