पुन्हा व्यायामाला लागताय? जोशात होणाऱ्या या चुका टाळा

पाच-सात वर्षं व्यायामाचं नाव नाही. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यापर्यंत धाप. मग एखाद्या सोमवारी किंवा १ जानेवारीला निश्चय होतो आणि सगळं एकदम सुरू होतं: नवे बूट, जिमची वर्षभराची फी, पहाटे पाचचा गजर, भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण सात वाजता. तीन आठवड्यांनी गुडघ्याला क्रेप बँडेज असतं आणि घरचे म्हणतात, 'आरंभशूर!' दोष जातो आळसाला. मला तो आळसाचा वाटत नाही. आळशी माणूस सुरुवातच करत नाही. अडखळतात ते उत्साही लोक, आणि त्यांच्या चुका बऱ्याचशा ठरलेल्या असतात.

कॉलेजातल्या शरीराच्या हिशेबाने सुरुवात

पूर्वी कबड्डी, खो-खो खेळलेले किंवा तालमीत गेलेले लोक यात हमखास सापडतात. आधी कमावलेले स्नायू नवख्या माणसापेक्षा लवकर परत येतात, दमही काही आठवड्यांत सुधारतो. गोची इथेच आहे. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्या सावकाश तयार होतात. दहाव्या दिवशी छाती म्हणते 'अजून एक फेरी', पण टाचेमागची आणि गुडघ्याखालची कंडरा अजून त्या भाराला तयार नसते. दुखणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उपटतं ते यामुळे.

म्हणून पहिले पंधरा दिवस थोडी ताकद शिल्लक असतानाच थांबायचं. वेग बरोबर आहे का, हे बघायला घड्याळाची गरज नाही. चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. आधी वेळ वाढवा, मग वेग आणि चढ सगळ्यात शेवटी. पुण्यात पहिल्याच रविवारी वेताळ टेकडी गाठणाऱ्यांना वाटतं की चढ त्रास देतो. चढताना दम लागतो हे खरं, पण दुसऱ्या दिवशी मांड्या आंबतात त्या प्रामुख्याने उतरण्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलून धरत असतो आणि त्यात तो जास्त शिणतो. सुरुवातीला अर्ध्या टेकडीवरून परत फिरलात तरी कोणी हसत नाही.

दुसरी गोष्ट रथसप्तमीची. त्या दिवशी सोसायटीत, शाळेत १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम असतो आणि वर्षभर सतरंजीही न उलगडलेला माणूस ईर्षेने तो पूर्ण करतो. मनगटं, खांदे, कंबर, सगळं एकाच सकाळी. सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ते रोज घालत, वर्षातून एकदा नाही. माघ शुद्ध सप्तमीला १०८ घालायचे असतील तर दसरा सरला की सहापासून सुरुवात करा आणि दर दोन दिवसांनी दोन वाढवा. न झेपणारा व्यायाम अचानक केल्यावर अंग विलक्षण दुखून लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर तो स्नायू मोडल्याचा धोक्याचा इशारा आहे. त्याने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. नुसतं पाणी पीत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आंबलेलं अंग आणि दुखापत यांची गल्लत

व्यायामानंतर साधारण एक ते तीन दिवस अंग दुखतं. दोन्ही मांड्या, दोन्ही दंड, बोथट ठणका, थोडं हललं-चाललं की सैल होतो. याला घाबरून व्यायाम सोडायचा नाही, फक्त त्या दिवशी हलका करायचा. एकाच सांध्यात एका जागी टोचतं, सूज आहे, हालचालीबरोबर वाढतं, रात्री जाग येते, ही दुखापत समजा. दुखणं अंगावर काढून व्यायाम रेटण्यात काही मर्दुमकी नाही.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते आणि चार पावलं टाकली की कमी होते, ही तक्रार नव्याने चालणाऱ्यांत फार. तळव्याचा जाड पडदा टाचेपाशी दुखावलेला असतो. पोटऱ्या आखडलेल्या, घरात फरशीवर अनवाणी वावर आणि झिजलेली स्लीपर, हे सगळं त्यात भर घालतं. भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरीला दिवसातून दोन-तीनदा अर्धा मिनिट ताण द्या, घरातही मऊ तळाची चप्पल घाला आणि चालणं निम्मं करा. ते पूर्ण बंद करण्याची वेळ सहसा येत नाही.

गुडघ्यांबाबत उलटी चूक होते. 'झिजलेत' असं एकदा ऐकलं की माणूस बसतो तो बसतोच. मांडीचे स्नायू आणखी कमकुवत होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. झिजेच्या गुडघेदुखीत योग्य व्यायाम हाच उपचाराचा पाया असतो. तालमीतल्या खोल बैठका टाळा. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा जमलं की बस्स.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. व्यायाम करताना छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा. 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून सोडा पिऊन पुढे जाऊ नका. मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकार किंवा स्वतःचं सिगरेट-तंबाखूचं व्यसन असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधीच डॉक्टरांना भेटा.

नुसतं चालणं

आपल्याकडे व्यायाम म्हणजे चालणं, आणि चालणं म्हणजे बागेत चार फेऱ्या व एक कटिंग. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. तिचा दुसरा भाग लोकांच्या लक्षातच राहत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. रोज १०,००० पावलांचा आकडा मात्र तोंडपाठ. तो जपानमध्ये १९६५ च्या सुमारास विकायला काढलेल्या पावलं मोजायच्या यंत्रावरून रूढ झाला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो.

स्नायूंचा मुद्दा आपल्यासाठी जास्तच महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चक्क एकमेकांशी तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही ठेवण आपल्या प्रत्येक लग्नाच्या पंगतीत दिसते. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायला सांगतात. जेवणातली साखर साठवून ठेवण्याची मोठी जागा म्हणजे स्नायू. तेच कमी असतील तर नुसत्या फेऱ्यांनी काम अर्धंच होतं.

जिम हवीच असं नाही. भिंतीवर हात टेकून जोर, खुर्चीवरची ऊठबस, ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं, पाच लिटरचा पाण्याचा कॅन कमरेत किंचित वाकून पोटाशी ओढणं, एवढ्यावर दोन महिने निघतात. कॅन पाच लिटरचा जड गेला तर अर्धाच भरा. पोट कमी करायला रोज शंभर क्रंचेस मारणाऱ्यांना एकच सांगतो: त्याने पोटाचा स्नायू घट्ट होईल, पण चरबी कुठून आधी जाणार हे तुमच्या हातात नाही. घाम काढणारा पट्टा तर पाणीच काढतो.

ताटातून काढणं सोपं, घालणं विसरतं

पहिला बळी भात. भात बंद केला की आठवड्यात दोन किलो उतरतात आणि माणूस खूश. शरीरातल्या साठवणीच्या साखरेचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. साठा रिकामा झाला की ते पाणी जातं. कोणाच्या तरी मुंजीत मसालेभात खाल्ला की परत येतं. पहिल्या दोन किलोंचा आनंद आणि नंतरचं दुःख, दोन्ही पाण्याचंच असतं.

भाताच्या जागी भाकरी आली की ती कितीही चालते, हा दुसरा समज. ज्वारीत भातापेक्षा चोथा जास्त म्हणून पोट लवकर भरतं, हे खरं. पण पिठाच्या वजनाने बघितलं तर उष्मांक जवळपास तांदूळ-गव्हाइतकेच. तीन मोठ्या भाकऱ्या म्हणजे तीन मोठ्या भाकऱ्याच.

खरी गडबड प्रथिनांची. भारतीय प्रौढासाठी शिफारस किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४. आता सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, फळभाजी, पातळ वरण, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री आमटी-भात असा दिवस मांडून बघा. बेरीज तिशीच्या आसपासच रेंगाळते. त्यात पोळी-भात कमी केला तर त्यातलीही प्रथिनं गेली. मग सारखी भूक, चिडचिड, रात्री दहाला फरसाणाचा डबा, आणि उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही. उपाय घरातलेच: वाटीभर घट्ट उसळ सात-आठ ग्रॅम, दोन अंडी बारा, ग्लासभर दूध सहा, २५ ग्रॅम कोरड्या सोयावड्या तेरा, १०० ग्रॅम चिकन किंवा मासळी वीसच्या आसपास. वरण दाट करा. पिठलं गरिबाघरचं म्हणून हिणवू नका, बेसनात पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. डबाबंद पावडरीची गरज बहुतेकांना पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तेलाकडे कोणी बघत नाही, कारण ते ताटात दिसत नाही. सोपा हिशेब: महिन्याला घरात किती लिटर तेल लागतं, त्याला माणसांनी भागा. माणशी एक लिटर म्हणजे रोज तीस ग्रॅम, तिथेच हद्द आली. चार माणसांत पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी ३८ ग्रॅमपर्यंत जातं, आणि बाहेरचं खाणं त्यात धरलेलंच नाही. लाकडी घाण्याचं असलं तरी उष्मांक तेवढेच.

उपवासाबद्दल तर 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपल्या आधीचे लोक सांगून गेले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तूप, दाण्याचं कूट आणि बटाटा. साबुदाण्याची खिचडी खावी आवडीने, पण वजन उतरवायचा उपाय म्हणून नाही.

मग डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर? दीक्षितांप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवायचं की दिवेकरांप्रमाणे थोड्या-थोड्या वेळाने थोडं खायचं, यावर महाराष्ट्रात घराघरांत तट पडले होते. दोन्ही बाजूंना बारीक झालेली माणसं मी बघितली आहेत. बिघडतं ते दोन्ही एकत्र केल्यावर: दोन जेवणं पोटभर दीक्षितांची आणि मधलं खाणं दिवेकरांचं. एक धरा, तीन महिने द्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि 'चाललो आहे की आज!' हा परवाना. सत्तर किलोच्या माणसाचे पाऊण तास भराभर चालण्यात दोनशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. टेकडीच्या पायथ्याशी एक वडापाव खाल्ला की ते भरून निघतात, वर थोडे उरतात. वडापाव सोडा असं म्हणत नाही, व्यायामाच्या खात्यातून तो खर्ची घालू नका इतकंच. लिंबू-मधाचं कोमट पाणी आवडत असेल तर प्या, चरबी त्याने वितळत नाही.

काटा हलत नाही

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन थोडं वाढलेलंही दिसू शकतं. शिणलेले स्नायू पाणी धरतात. रोज काट्यावर चढून मूड घालवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि महिन्याचा कल बघा. बायकांनी पाळीच्या आधीचे दिवस हिशेबात धरू नयेत. सोबत टेप ठेवा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. महिनाभर वजन तेच आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, म्हणजे गाडी बरोबर चालली आहे. दोन्ही ढिम्म असतील तर आधी तेल, गोड चहाचे कप आणि शनिवार-रविवार तपासा. तिथेही काही सापडलं नाही आणि थकवा, केस गळणं, थंडी सहन न होणं असं काही असेल तर थायरॉईडची तपासणी करून घ्या. तेही ठीक निघालं तर झोप बघा. पहाटे पाचचा गजर लावून रात्री साडेबारापर्यंत मोबाइल बघणाऱ्याला दिवसभर गोड खावंसं वाटतं.

खंड पडल्यावर

गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, पाऊस: खंड पडणारच. त्यानंतरची चूक म्हणजे फराळाची भरपाई म्हणून दुप्पट व्यायाम आणि अर्धं जेवण. आठवडाभर सुटलं असेल तर पूर्वीच्या साधारण पाऊणपट वेळेने सुरू करा, महिना गेला असेल तर निम्म्याने. तापातून उठल्यावर अजून सबुरी हवी. ताप असताना व्यायाम नाहीच, आणि डेंग्यूनंतर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत पळणं, वजनं उचलणं नको. चिकनगुनियात सांधे काही आठवडे, कधी काही महिनेही धरलेले राहतात. तेव्हा सकाळी गरम पाण्याने शेकून बोटं, मनगटं, घोटे हळूहळू फिरवणं हाच व्यायाम. ते सैल झाल्यावर घरातल्या घरात दहा मिनिटं चाला, आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढली नसेल तरच खाली उतरा.