आखाडा सोडून परभणीला जाताना

आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, हलवायचा तर पाडव्याच्या आसपास. ज्वारीची रास झालेली असते, सालगड्याचं सालही पाडव्यालाच संपतं. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलगाडी फसते, तिथं टेम्पोचं काय!

मी बजेट करताना इथंच चुकलो. टेम्पोवाल्यानं फोनवर साडेतीन हजार सांगितले, पण गाडी डांबरी सडकेलाच उभी केली. आखाडा तिथून दोन किलोमीटर आत. मग शेजाऱ्याचं ट्रॅक्टर, डिझेल माझं, आणि हमाली दोनदा: एकदा ट्रॉलीत, एकदा टेम्पोत. साडेतीनचे सात हजार झाले. म्हणून भाडं ठरवायच्या आधी ड्रायव्हरला रस्ता दाखवा. किमान व्हिडिओ तरी पाठवा.

जे न्यायचं नाही ते सामान भरण्याआधी विका. कडबा शेकड्यानं जातो, गिऱ्हाईक गावातच मिळतं. म्हैस मात्र घाईत विकू नका. तुम्ही निघालात हे व्यापाऱ्याला कळलं की भाव पडलाच. आमच्या आईनं पाटा-वरवंटा सोडला नाही. वजन बघून हमालानं शंभर जास्त मागितले, दिले.

वर्षाची ज्वारी आणि तूरडाळ सोबत न्या, किराण्याचा भार हलका होतो. भाड्याच्या घराचं डिपॉझिट वेगळं काढून ठेवा, त्याला हात लावू नका.

शेत राहिलंच असेल, तर ई-पीक पाहणीला, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करायला, बांधावर यावं लागतं. त्या फेऱ्यांचं पेट्रोलही हिशोबात धरा.